शिवदासची बोटं

मरोळच्या औद्योगिक वसाहतीमागे शिवदासने एकतीस वर्षं मोटरसायकली उघडल्या आणि पुन्हा जोडल्या. पैकी गेली बारा वर्षं तो फक्त शूटिंगच्या गाड्या बघतो. उंच मडगार्डच्या, जाड गाठींच्या टायरच्या, वाळूत आणि चिखलात पळवायच्या गाड्या. पडद्यावर त्या हवेत उडतात तेव्हा लोक शिट्ट्या मारतात, पण त्या उडतात कशाच्या जोरावर हे कुणी विचारत नाही. विचारलंच तर शिवदास सांगतो, "फिल्टरच्या."

सीटखाली स्पंजचा एक जाड टोप असतो, इंजिन त्यातून श्वास घेतं. मढच्या किनाऱ्यावर दोन-तीन फेऱ्या झाल्या की तो वाळूने भरतो. मग तो काढायचा, रॉकेलमध्ये दाबून धुवायचा. पिळायचा नाही, पिळला की सांधा उसवतो. साबणाच्या पाण्यातून काढून सावलीत वाळवायचा. मग चिकट तेल घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत कणकेसारखा मळायचा आणि शेवटी जास्तीचं तेल दाबून काढायचं. तेल कमी राहिलं तर वाळू इंजिनात, जास्त राहिलं तर इंजिनाचा दम कोंडतो आणि ऐन उडीच्या वेळी गाडी गचके खाते. किती राहिलं हे मोजायचं यंत्र नाही, ते बोटांना कळतं. म्हणून शिवदासने कधी हातमोजे घातले नाहीत. नव्या मेकॅनिकांचे रबरी मोजे बघून तो तोंड वाकडं करायचा.

दिवाळीच्या आसपास एका सकाळी त्याने चहाचं पातेलं चिमट्याशिवाय उचललं आणि आरामात ओट्यावर ठेवलं. द्रौपदी, त्याची बायको, ओरडली तेव्हा त्याने हात पाहिला. दोन बोटांना फोड आले होते. डॉक्टर म्हणाले, साखरेने बोटांच्या नसा गेल्यात, आता सांभाळून राहा. द्रौपदीने एकच गोष्ट लावून धरली.

"अहो, त्या दर्शनाला सांगून टाका ना. पोरगी तुमच्या भरवशावर उडते."

"सांगतो गं," तो म्हणायचा. आज सांगतो, उद्या सांगतो करत फेब्रुवारी उजाडला. त्याला लबाडी करायची नव्हती. कंटाळा आला होता, दुसरं काय! गुडघे गेले, डोळ्यांना चष्मा लागला, आता बोटंही गेली म्हणून जाहीर करायचं? माणसाने किती वेळा हात वर करायचे? जोर लावून दाबला की झालं, असं त्याने स्वतःला समजावलं होतं.

त्या दिवशी चार फिल्टर तयार करून, पिशव्यांत घालून तो वर्सोव्याहून फेरीबोटीने पलीकडे मढला गेला. दर्शना हिरोइनीच्या जागी गाडी चालवणारी, तीस वर्षांची. लाकडी उतारावर चढून जुन्या होडीवरून पलीकडे उडी घ्यायची होती. सिनेमावाल्यांनी "पाच मिनिटं, पाच मिनिटं" करत उन्हात दोन तास बसवलं, मग एकदाची चाचणीची फेरी झाली. उडी न घेता नुसतं उतारापर्यंत यायचं होतं. दर्शनाने वेग दिला आणि गाडीने घशात काही अडकल्यासारखे दोन गचके खाल्ले.

"खाऱ्या हवेने प्लगची वाट लागली असणार," स्टंटचं बघणारा सुशांत म्हणाला. "काका, प्लग बदला आणि चला, लाइट चाललीय."

शिवदासने मान डोलावली, पण आधी सीट उघडली. फिल्टर काढून त्याने पांढऱ्या फडक्यावर दाबला. फडकं तेलाने भिजलं. त्याने घाईघाईने दुसरा फिल्टर बसवला, सीट आवळली आणि मग त्याच्या डोक्यात आलं की हाही आपणच दाबलाय. चारही आपणच दाबलेत.

दर्शनाने हेल्मेट चढवलं होतं. प्लग प्लग म्हणून सगळे मोकळे झाले होते. गप्प राहायला कुणाचीच हरकत नव्हती.

"दर्शना, उतर," शिवदास म्हणाला.

"काय झालं काका?"

"उतर आधी. हा फिल्टर दाबून बघ."

तिने हेल्मेट काढलं, सीट उघडून स्पंज चेपला. बोटांच्या फटींतून तेल ओघळलं. "काका, हा थबथबलाय पूर्ण!"

"मला कळत नाही आता," तो म्हणाला. "बोटं बधिर झालीत. दाबला की सगळे सारखेच लागतात."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

दर्शना मनातल्या मनात हिशोब करत असावी. "म्हणजे जानेवारीत नाशिकला खाणीवरून उडी मारली, तेव्हा पण?"

शिवदासने होकारार्थी मान हलवली. त्या खाणीचा तळ त्यानेही पाहिला होता. त्या संध्याकाळी तिने त्याच्या पाया पडून पेढा दिला होता आणि त्याने तो खाल्ला होता. आता त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की तिच्याकडे बघवेना.

ती वाळूतच बसली. उरलेल्या पिशव्या ओढून एकेक फिल्टर दाबू लागली. "अजून?" ती विचारायची. तो म्हणायचा, "तळव्याला चिकटला पाहिजे, पण ओला लागता कामा नये. कडेला दाब, तिथे तेल साचतं." तिसरा फिल्टर जमला. त्याच्या काठाला ग्रीस लावून तिने तो बसवला. सुशांत लांबून हाका मारत होता.

"मला सांगायचं ना, काका," ती म्हणाली.

"सांगितलं असतं तर तू दुसऱ्याला बोलावलं असतंस."

तिने सीटचा बोल्ट आवळला, पाना त्याच्या हातात दिला.

"हो," ती म्हणाली. "बोलावलं असतं."

गाडी सुरू झाली, उतारावर गेली, होडीवरून सरळ पलीकडे उतरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाना हातात धरून शिवदास तिथेच उभा राहिला. दुसऱ्यालाच बोलवायला हवं होतं, हे त्यालाही पटत होतं.