रडत्या माणसाशी भाव

आमच्या भाऊजींइतका कडक सौदा करणारा माणूस अख्ख्या रायपुरात नाही, आणि त्यांच्याइतका लुटला गेलेलाही नाही. कोथिंबिरीच्या जुडीसाठी ते गुढियारीच्या बाजारात अर्धा तास भांडतात. "लग्नाच्या वेळी यायनं सोनाराले रडवलं होतं," असं ताई अजून सांगते. पण नवं राज्य झालं, छत्तीसगढी सिनेमे धडाधड निघू लागले आणि भाऊजींची गाणी त्यांत वाजू लागली. शब्द त्यांचे, चालही त्यांचीच. मिळायचं काय, तर एक शाल, एक नारळ आणि "अगली फिल्म में देख लेंगे भैया." ताईने त्या शालींची शेवटी गोधडी शिवली.

मग गावातल्या गीतकारांनी मिळून ठरवलं, लिखापढी झाल्याशिवाय गाणं द्यायचं नाही. मानधन ठरलेलं हवं, पडद्यावर नाव हवं. बोलणी करायला भाऊजींशिवाय दुसरं कोण? करारनामा मी लिहिला. समता कॉलनीत एका निर्मात्याच्या ऑफिसच्या जिन्यावर मी त्यांना बजावलं, "काहीही झालं तरी गायचं नाही."

"मी काय लहान पोट्टा आहो?" ते चिडले.

पाऊण तास ते असे बोलले की निर्मात्याने पेन हातात घेतलं. मग तो सहज म्हणाला, "साइन तो कर ही रहा हूँ भैया, तब तक नया वाला सुना दो." मी भाऊजींचा पाय दाबला. त्यांनी डोळे मिटून टेबलावर ठेका धरला, निर्मात्याने शेजारी मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ठेवला. गाणं संपलं तेव्हा त्याचे डोळे खरंच भरून आले होते.

"इसका क्या दूँ, भैया?"

"आपकी आँख में पानी आ गया, बस," भाऊजी म्हणाले. पेन खिशात गेलं आणि करारनाम्यावर चहाचा कप आला. जिना उतरताना मी त्यांच्यावर ओरडलो.

"काहून चिल्लावून राहिला? रडत्या माणसासंग भाव कसा करू मी?"

"सोनाराशी केलाच होता की!"

"तो सोन्यासाठी रडला होता. हा गान्यासाठी रडला."

बाकीचे गीतकार पुन्हा कधी एकत्र आले नाहीत. गाणं गाजलं, पडद्यावर नाव दुसऱ्याचंच आलं. मी तर आशाच सोडली.

परवा नव्या रायपूरला जाताना भाऊजी बसच्या कंडक्टरशी भाड्यावरून भांडत होते, आणि तेच गाणं लागलं. "किसका है पता नहीं, मेरी अम्मा रोज सुनती है," कंडक्टर म्हणाला. त्याने मागितले तेवढे पैसे भाऊजींनी मुकाट्याने दिले. तो पुढे गेल्यावर मला हळूच म्हणाले, "ठेका चुकवला रे या सिनेमावाल्यायनं." मग ते खिडकीबाहेर त्या रुंद, मोकळ्या रस्त्याकडे पाहत बसले. हे गाणं यांचं आहे, असं मला सगळ्या बसला ओरडून सांगावंसं वाटलं. पण बसमध्ये प्रवासी आम्ही दोघेच होतो.