पाचवीचं पाणी

डोमाजीभाऊंच्या घरात शिरताना चपलांबरोबर आवाजही बाहेर ठेवावा लागे. दारातच ते तोंडावर बोट ठेवत, "हळू बोला वहिनी, ते पोटुशी हाये." 'ते' म्हणजे त्यांच्या काचपेटीतली काळी मॉली मासोळी! वरठीच्या कारखान्यात लोखंडाच्या खडखडाटात जन्म काढलेला, चार घरं ऐकू जाईल असं बोलणारा हा माणूस तिच्यासमोर मात्र कुजबुजायचा. मी शेजारीण, मला हसू आवरायचं नाही. "भाऊजी, डोहाळजेवण कधी?" असं एकदा विचारलं, तर गडी गंभीरपणे म्हणाला, "उकडलेल्या अंड्याचा बलक देतो ना तिले. चिमूटभरच. जास्त झालं का पाणी नासते."

मासोळ्या मूळच्या त्यांच्या लेकीच्या, सुषमाच्या. तिनं मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हा भाऊ दारात उभे राहून ओरडले होते, "आजपासून मले पोरगी नाई!" सगळ्या गल्लीनं ऐकलं. ती नेसत्या कपड्यांनिशी गेली, पेटी मागे राहिली. भाऊंची बायको आधीच वारलेली. दोन वर्षं बाप त्या पेटीशी बोलत राहिला, पण लेकीला एक फोन केला नाही.

मग कळलं, सिहोऱ्याला तिला मुलगा झाला. आमच्याकडे बाळ पाहायला रिकाम्या हातानं जात नाहीत. मी म्हटलं, अंगडं-टोपडं घ्या आणि निघा.

"कपडे त कोणीबी नेते, वहिनी. हिले पिल्लं होऊ द्या, तेच घेऊन जातो. तिची मासोळी मी मरू नाई देली, हे तिले दिसलं पाहिजे."

माफी मागायची ही त्यांची रीत. तोंडानं ते जमत नव्हतं.

दिवस भरले तशी त्यांनी मासोळीला लोणच्याच्या मोठ्या बरणीत वेगळं ठेवलं. पिल्लं झाली, तांदळाच्या कणीएवढी, नुसते डोळे. भाऊंनी लगेच आईला उचलून परत पेटीत सोडलं.

"ठेवलं त खाते ते आपलीच लेकरं."

"अगं बाई!" मी गालावर हात ठेवला.

"मासोळी हाये. तिले काय समजते? मले त समजत होतं ना?"

मी पदराशी चाळा करत बसले.

पाचव्या दिवशी भाऊ ड्यूटीवर होते. बलक टाकायला किल्ली माझ्याकडे. बघते तर बरणीतलं पाणी हिरवट, तळाशी गाळ. पिल्लांना लपायला नि खायला म्हणून त्यांनी बोडीतलं, म्हणजे गावच्या लहान तळ्यातलं, शेवाळ मुद्दाम आणून घातलं होतं. हे मला नंतर कळलं. दुसऱ्याच्या घरचं धुतलेलं भांडंही पुन्हा घासल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि त्यात ती पाचवी! पाचवीला आम्ही बाळंतिणीची खोली धुऊन लख्ख करतो. म्हटलं, या बिचाऱ्यांची पाचवी कोण करणार? पिल्लं वाटीत काढली, बरणी घासली, नळाचं ताजं पाणी भरून पिल्लं सोडली, वर बरणीला हळदीचं बोट लावलं. पाण्याला ब्लीचिंगचा उग्र वास येत होता. नाकाला कळला, डोक्याला नाही.

संध्याकाळी भाऊ आले, तेव्हा पिल्लं तळाशी पडलेली होती. सगळी. त्यांनी हळदीकडे पाहिलं.

"पाचवी केली काय?"

मी रडायला लागले, तर माझीच समजूत काढली. "राहू द्या वहिनी, तुम्ही मायेनंच केलं. पुढच्या खेपेले होतीन. मंग जातो."

खरी चूक माझी इथे झाली. दिवसभर टकळी चालवणारी मी! तेव्हा ठणकावून म्हणायला हवं होतं, "भाऊजी, खेप गेली खड्ड्यात, उद्याच्या एसटीनं निघा." पण पिल्लं मारून बसलेली मी, कोणत्या तोंडानं शहाणपण शिकवणार? गप्प बसले. ते गप्प बसणं अजून छळतं मला.

मासोळी पुन्हा पोटुशी राहिली. तिचे दिवस भरत आले असताना एका सकाळी भाऊ कारखान्याच्या गेटवर छातीला हात लावून बसले, ते उठलेच नाहीत.

सुषमा आली, तीन महिन्यांचं लेकरू कुशीत घेऊन. सगळं आटोपल्यावर मी तिला बसवून सांगितलं. बरणी, माझी पाचवी, तिच्या बापाचे रिकामे हात, सगळं. ती काचेकडे बघत ऐकत राहिली.

"मी त रोज एसटीचा हॉर्न वाजला का बाबा आले म्हून दारात येत होती, काकू," ती म्हणाली. "मासोळ्या कायले पाहिजे होत्या?"