पाच वाहिन्यांच्या बाई

सकाळी गच्चीवर आल्या की बाई आधी कठड्यापाशी जायच्या. उजवा हात ताठ पुढे धरायच्या, डावा डोळा मिटायच्या आणि अंगठ्याच्या टोकावरून सिंहगडाकडे बघायच्या. गडावरचे टीव्हीचे मनोरे अंगठ्याशेजारी नीट उभे आहेत याची खात्री पटली की हात खाली यायचा. "नैर्ऋत्य जागेवर आहे," असं जाहीर करून त्या कपडे वाळत घालायला लागायच्या. धुक्यात मनोरे दिसले नाहीत तर म्हणायच्या, "आज नैर्ऋत्य रजेवर."

कर्वेनगरातली आमची सोसायटी तीन मजल्यांची. बाई सगळ्यात वरच्या मजल्यावर, मी त्यांच्या बरोबर खाली. आयुष्यभर त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता आणि सोसायटीत त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे. 'बाई' म्हटलं की त्याच. दूधवाल्याला पत्ता सांगतानाही त्या "पूर्वेच्या जिन्याने या" असं सांगायच्या आणि तो बिचारा दोन्ही जिन्यांच्या मध्ये उभा राहायचा.

जुनं प्रक्षेपण बंद झालं तेव्हा आसपासच्या सगळ्या गच्च्यांवरचे अँटेना भंगारात गेले. तुमच्याही गेले असतील. बाईंनी आपला काढला नाही. पुढे कधीतरी त्यांच्या कानावर आलं की गडावरून आता डिजिटल प्रक्षेपण होतं. साधा अँटेना आणि एक छोटा डबा एवढं असलं की झालं, ना केबल लागते ना डिशची छत्री. दुसऱ्या दिवशी त्या बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत हजर. तिथला संवाद त्यांनी मला नंतर दोनदा करून दाखवला.

दुकानदार म्हणाला, "बाई, हे आता कोण बघतं?"

"पाठवणारा पाठवतोय ना? मग घेणाऱ्याने निदान दार उघडावं."

"पुण्यात?"

"म्हणूनच अँटेना. दार उघडावं लागत नाही."

डबा तर आला, पण तो जोडणं हे एका माणसाचं काम नव्हतं. वर गच्चीत अँटेना फिरवायला बाई, खाली त्यांच्या टीव्हीसमोर मी. मी घरी बसून पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासते, म्हणजे सोसायटीच्या मते मला काही काम नसतं. वरून आवाज यायचा, "आलं?" मी खिडकीतून ओरडायचे, "नाही!" पूर्वी पडद्यावर मुंग्या तरी यायच्या. मुंग्या कमी झाल्या की समजायचं, आपण जवळ आलो. या नव्या प्रकारात जवळ-लांब काही नाही. बाई म्हणायच्या, "सरकारी कचेरी आहे. साहेब आहेत किंवा नाहीत."

आणि मग एकदम साहेब आले. काच पुसल्यासारखं स्वच्छ चित्र. बातम्या, शेती, गाणी, संसदेतलं भाषण आणि आणखी एक. सगळ्या मिळून पाच वाहिन्या.

अँटेना उंच हवा म्हणून बाईंनी गच्चीच्या कोपऱ्यात लोखंडी खांब उभा केला, तेव्हा चेअरमन धावत आले. गच्ची सामाईक आहे, परवानगी कुठे आहे, वगैरे. बाईंनी शांतपणे विचारलं, "आपण वास्तुशास्त्र मानता ना? नैर्ऋत्येला जड वस्तू असावी असं म्हणतात. सोसायटीची नैर्ऋत्य इतकी वर्षं हलकी होती." खांब राहिला. आठवड्याभरात त्यावर पाटीही लागली: 'या खांबाला दोरी बांधू नये. गडावरून तुमचे टॉवेल मोजले जातात.'

एवढा खटाटोप कशासाठी, हे कोडं मला सुटत नव्हतं. बाईंच्या बंगळुरूच्या मुलाने दिवाळीत हा एवढा मोठा स्मार्ट टीव्ही आणून भिंतीवर लावून दिला होता. त्याच्यावर बाईंनी क्रोशाचं कव्हर घातलं होतं आणि खाली जुन्या टेबलावर जुना टीव्ही चालू होता. हौस म्हणावी तर बाई स्वतः तिथे फार वेळ बसायच्या नाहीत. कंजूषपणा म्हणावा तर तसाही स्वभाव नव्हता. मी चौकस. तुम्हीही असाल, नाहीतर असल्या गोष्टी कशाला वाचता?

एका दुपारी कोथिंबिरीच्या वड्या घेऊन वर गेले. दार उघडंच होतं. टीव्हीसमोर खुर्चीत अण्णा, म्हणजे बाईंचे यजमान. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, एके काळी दणदणीत आवाजाचे. गेली दोन-तीन वर्षं ते जिन्यात भेटले की फक्त हसायचे आणि मीही हसून पुढे जायचे. त्या दिवशी त्यांच्या हातात रिमोट होता. बातम्या लागल्या, थोडं बघितलं, बटण दाबलं. शेती. बटण. गाणी. भाषण. पाचवी. पुन्हा बातम्या. प्रत्येक फेरी पूर्ण झाली की ते मान डोलवायचे, हिशोब जुळल्यासारखी. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या लक्षात आलं की मी कोण हे त्यांना ठाऊक नाही.

बाईंनी मला स्वयंपाकघरात नेलं.

"मुलाचा टीव्ही लावला होता," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "यांनी एक बटण दाबलं, ते कुठल्या परक्या बाजारात गेले. दुसरं दाबलं, तिथे बंदुका. परत यायची वाट सापडेना. रडवेले झाले हो. मला विचारलं, 'आपण कुठे आलो?' इथे पाचच आहेत. कितीही बटणं दाबली तरी माणूस वळून घरी येतो."

"पण छत्रीवरही लागतील ना हेच..."

"लागतील की. पाचशेंच्या मध्ये कुठेतरी." त्यांनी वड्या ताटलीत काढल्या. "अंघोळ मी घालते. घास मी देते. बाहेर न्यायचं तर हात धरून. दिवसभरात कोणाला न विचारता करता येईल असं हे एकच काम त्यांच्याकडे उरलंय. ते मी काढून घेणार नाही."

मग त्यांनी मला बजावलं की मुलाला यातलं काही कळता कामा नये. त्याला कळलं तर तो दोघांना बंगळुरूला घेऊन जाईल, आणि अण्णांना आता नवी खोलीसुद्धा पेलायची नाही, मग नवं गाव कुठलं! फोनवर त्या मुलाला "अण्णा मजेत" एवढंच सांगायच्या. त्याला वाटे, आई विक्षिप्त झाली आहे. वाटू दे, त्या म्हणाल्या.

त्यानंतर वरून आवाज आला की मी मुद्रितं तशीच टाकून पळायला लागले.

आणि मग समोर बरोबर नैर्ऋत्येला एक जुना बंगला पडला. आता पुण्यात बंगला पडला की पुढे काय होतं हे सांगायला नको. पत्रे लागले, खड्डा झाला आणि इमारत वर यायला लागली. स्लॅब पडला की बाईंचा अंगठा कठड्यावर थोडा उंच जायचा. काही महिन्यांनी अंगठ्याशेजारी मनोरे नव्हतेच, सळया होत्या. टीव्हीवर माणसांचे चौकोनी तुकडे व्हायला लागले. "शंकरपाळे पडले," बाई वरून विचारायच्या आधीच मी ओरडायचे. त्यांनी खांबाला जोड दिला, उंच केला, अँटेना बोटभर डावीकडे, बोटभर उजवीकडे केला. बिल्डरच्या माणसाला विचारलं, "आणखी किती मजले?" तो अभिमानाने म्हणाला, "बाई, सगळ्यांना गड दिसेल एवढे!"

एक दिवस शंकरपाळेही गेले. निळा पडदा आणि 'सिग्नल नाही.'

अण्णा बटणं दाबत राहिले. निळा. निळा. निळा. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई कुकर लावत होत्या तेवढ्यात ते दार उघडून खाली उतरले. आम्ही सगळे शोधायला पळालो. चेअरमन स्कूटरवर, मी चपलाही न घालता. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने त्यांना बसस्टॉपवर बसवून ठेवलं होतं. हातात रिमोट. "ऑफिसला जायचंय," ते म्हणाले, "पण बस लागत नाहीये."

बाईंना मी त्या दिवशी पहिल्यांदा रडताना पाहिलं. अण्णांना घरी आणून निजवलं आणि त्या जिन्यातच बसल्या. "झालं माझं," म्हणाल्या. "उद्या खांब उतरवते आणि मुलाला सांगते, ने आम्हाला." मी नुसती शेजारी बसून राहिले.

सकाळी धायरीहून इलेक्ट्रिशियन आला. बाई कठड्याकडे पाठ करून उभ्या होत्या. त्यांना बघवत नव्हतं. मी वायर गुंडाळायला म्हणून वर थांबले होते. खाली अण्णांपाशी चेअरमनच्या सौ. बसल्या होत्या. इलेक्ट्रिशियनने वरचा नट सैल केला, तर तो जुना अँटेना स्वतःच्या वजनाने गर्रकन फिरला आणि गडाकडे पाठ करून, पार उलट्या दिशेला तोंड करून थांबला. तो पाना खिशात टाकून वायर ओढणार, तोच खालून आवाज आला. दणदणीत. कित्येक वर्षांत न ऐकलेला.

"आलं! अगं, आलं!"

आम्ही तिघंही जागच्या जागी.

"हात लावू नका!" बाई किंचाळल्या.

"पण बाई, ह्ये उलटं हाय," तो बिचारा म्हणाला. "गड तिकडं हाय."

"असू दे. तसाच आवळा. श्वासही सोडू नका."

मी धावत खाली गेले. बातम्या लागल्या होत्या. अण्णांनी बटण दाबलं, शेती आली.

नंतर आम्ही दोघींनी गच्चीवर उभं राहून बघितलं. अँटेनाच्या नव्या तोंडासमोर, दोन रस्ते सोडून, एक नखशिखांत काचेची उंच कचेरी होती. गडावरची लाट नव्या इमारतीच्या बाजूने पुढे जायची, त्या काचांवर आपटायची आणि आमच्याकडे परत यायची. इतके महिने आम्ही बोटभर इकडे, बोटभर तिकडे करत होतो, आणि ती आमच्या पाठीमागे येऊन उभी होती.

"दिशा शिकवण्यात जन्म गेला माझा," बाई म्हणाल्या. "पण सिंहगडाकडे पाठ करून उभं राहावं, हे पुणेकराला सुचतं होय?" आणि इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. मुलाला फोन झाला नाही.

तो सगळा पावसाळा आणि पुढची दिवाळी छान गेली. अण्णा पाच गावं फिरून घरी येत राहिले.

माघात बाई गेल्या. सकाळी भाजी चिरताना छातीत कळ आली, आणि आम्ही रिक्षात घालेपर्यंत संपलं. बरेच दिवस सकाळी गच्चीवर जायला माझे पाय वळत नव्हते. अजूनही त्यांची फार आठवण येते, हे मी सरळच सांगते.

मुलगा आला, दिवस झाले, आणि तो अण्णांना घेऊन गेला. दुसरं काय करणार होता? गाडीत बसताना अण्णा हसले, सगळ्यांकडे बघून हसायचे तसेच.

दोनेक महिन्यांनी त्याचा फोन आला. आवाज थकलेला होता. "ताई, आई नेमकं काय करायची? अण्णा दिवसभर बटणं दाबतात, मग घाबरतात, परवा रिमोट फेकला. काल दार उघडून निघाले होते. इथे सगळे म्हणतात, आता त्यांना कुठेतरी ठेवा."

मग मी त्याला सगळं सांगितलं. पाच वाहिन्या, बसस्टॉप, उलटा अँटेना, सगळं.

"मला तर ती म्हणायची, अण्णा मजेत," तो म्हणाला.

"तुम्ही घेऊन जाल म्हणून."

त्याने सगळ्या वाहिन्या बंद केल्या आणि पाचच ठेवल्या. कुठल्या पाच, हे मला विचारून. भाषण हवंच का, असंही विचारलं. मी म्हटलं, हवंच.

आठवड्याने त्याने एक व्हिडिओ पाठवला. परकी खोली, मोठा टीव्ही, खुर्चीत अण्णा. बातम्या, शेती, गाणी, भाषण, पाचवी, पुन्हा बातम्या. मान डुलते. मग ते रिमोट शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे धरतात आणि अगदी सहज म्हणतात, "घे, आता तू लाव."

हात तसाच हवेत राहतो. मग चित्र डुगडुगतं, फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज येतो आणि छताचा पंखा तेवढा दिसत राहतो. खुर्ची सरकते.

"द्या, अण्णा," मुलगा म्हणतो. "मी लावतो."