कोरियाची लढाई आणि उमरेडचं लुगडं

कोरियात लढाई सुरू झाली म्हणून मी माझं लग्न पुढं ढकललं.

ढकललं म्हणजे, उमरेडला होणाऱ्या सासऱ्यांना चार पानी पत्र टाकलं. नागपुरात नुकताच कारकून झालो होतो, रोज दोन वर्तमानपत्रं वाचत होतो आणि जगाचं राजकारण आपल्याला कळतं याची मला पक्की खात्री होती. घरात एकटी आई. तिला वाचता येत नसे, म्हणून पत्राला कुणी आडवं आलं नाही. पहिल्या दोन पानांत युद्धाची कारणं: एका देशाच्या मधून रेघ ओढलेली, रेघेच्या एका अंगाला रशिया, दुसऱ्या अंगाला अमेरिका, आणि माघार कुणालाच नको. पुढच्या दोन पानांत परिणाम: तिसरं महायुद्ध, महिन्याभरात साखर गायब, रॉकेल गायब, सूत गायब. शेवटी, 'सबब विवाहाचा विचार तहानंतर करू.' त्या 'सबब'वर मी फार खूश होतो.

चौथ्या दिवशी सासरे मोटारीनं हजर. जन्मभर माग चालवलेला माणूस. पत्र खिशात घडी घालून आणलेलं. मी भिंतीवरच्या जगाच्या नकाशासमोर उभं राहून सगळं पुन्हा समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"याच्यात उमरेड कुठी आहे, बापू?"

"एवढ्या मोठ्या नकाशात उमरेड नसतं, मामा."

"मंग त्या पलटणीले कसं सापडन?"

मी म्हटलं, प्रश्न सुताचा आहे, मागच्या लढाईत...

"मागच्या लढाईचं मले सांगता?" आता त्यांचा आवाज चढला. "सूत भेटेना म्हून माग बंद पडला होता घरी. इणकराची पोरगी, अन् मोठीले जाडंभरडं नेसवून लगनात उभी केली म्या. म्हून धाकटीसाठी बारीक सूत जमवून लुगडं मागावर चढवलं. अर्धं इणून झालं. लढाई येऊन राहिली असन, तं लगन लवकर उरकावं का लांबवावं?"

याचं उत्तर दोन्ही वर्तमानपत्रांत आलेलं नव्हतं.

"तारखेले लगन होईन," ते उठत म्हणाले. "नवरदेव तुम्ही का दुसरा, तेवढं सांगा. कुहीचा एक मास्तर विचारून गेला. त्याले कोरिया ठाऊक नाही."

मुलगी पाहायला गेलो तेव्हा मी सुताच्या कांड्यांच्या टोपलीत पाय घातला होता आणि ती तोंड फिरवून हसली होती. ते हसू आता मास्तर बघणार? मी तिथल्या तिथे बिनशर्त शरणागती पत्करली.

लग्न ठरल्या तारखेला झालं. लाल काठाचं लुगडं इतकं देखणं, की नवरदेवाकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

तीन वर्षांनी लढाई थांबल्याची बातमी आली. बायको तेच लुगडं नेसून रामटेकला निघायच्या गडबडीत होती. मी तिला थांबवून बातमी वाचून दाखवली.

"कोण जिंकलं?"

"कुणीच नाही. रेघ जवळपास होती तिथंच राहिली."

"एवढी माणसं मारून?"

मी वर्तमानपत्राची घडी घातली. तिनं पदर सारखा केला आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"अन् याच्यासाठी तुम्ही मले तीन वर्षं थांबवणार होते? मास्तरच बरा होता."