खांद्यावरची दुसरी सायकल

परागनं सायकलच्या पंपाने माझ्या ढुंगणावर फटका मारला आणि तोंडाने आवाज काढला, ‘हुर्रर्र.’ चढावर बैल थांबला की गाडीवान काढतो ना, तसा.

माझ्या उजव्या खांद्यावर माझी सायकल होती, डाव्या खांद्यावर त्याची. सोनगीरच्या किल्ल्यामागचा चढ. पायाखाली सुटे दगड. डोळ्यांत घाम. दोन्ही हात अडकलेले, त्यामुळे मारलं तरी वळता येईना. खाली सायकल क्लबची माणसं उभी होती. डॉक्टर, बिल्डर, दुकानवाले, सगळी चांगल्या घरची. सगळी हसली. एकाने मोबाईलवर ते टिपलं. दुसऱ्या दिवशी होस्टेलच्या मुलींनी मला दाखवलं, तोवर ते गावभर झालं होतं. वर लिहिलेलं होतं, ‘आमच्या क्लबचं खेचर’.

मी साक्रीकडची, भिल्लाची पोर. धुळ्याला वसतिगृहात राहून पोलीस भरतीची तयारी करते. आमच्या पाड्यावर पोलीस आला की बापे डोंगराकडे पळतात. काही केलेलं असो वा नसो. लहानपणी मी माझ्या बापाला तसं पळताना बघितलंय, एका पायात चप्पल आणि एक दारात पडलेली. तेव्हापासून मला ती वर्दी माझ्या अंगावर हवी होती. दुसरं काहीही नको होतं. आणि नावावर एक गुन्हा नोंदला की भरती विसरायची, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

पहाटे मी मैदानावर पळत असताना परागनं मला हेरलं. धरणगावकडे त्याच्या बापाची कापसाची जिनिंग, धुळ्यात बंगला. साक्रीच्या डोंगरात सायकलची शर्यत होणार होती. त्यात एक गट जोडीचा, एक पुरुष, एक बाई. क्लबात बायका होत्या, पण त्या हायवेवरून ढाब्यापर्यंत जाऊन फोटो काढून परत येणाऱ्या. ही शर्यत रस्त्यावरची नव्हती. चिखल, ओढा, आडवे टाकलेले ओंडके, आणि जिथे सायकल चालत नाही तिथे ती खांद्यावर टाकून पळायचं. दोघांनी मिळून रेषा ओलांडली तरच जोडी धरतात. त्याला बाई हवी होती. मी मिळाले.

क्लबनं मला सायकल दिली. खोटं कशाला बोलू, मला तिचं वेड लागलं. शाळेत सरकारी सायकलवर चार डोंगर ओलांडलेले पाय होते माझे. त्या हलक्या सायकलवर बसले की वाटायचं, हे पाय याच्यासाठीच होते. त्यासाठी मी बरंच गिळलं. सराव झाला की सगळे ढाब्यात बसून शेवभाजी खायचे. माझं ताट बाहेर, सायकली वाहणाऱ्या पिकअपच्या ड्रायव्हरबरोबर. क्लबचे अध्यक्ष नाना म्हणायचे, “तुला मोकळी हवा बरी गं.” परागला चढावर दम लागायचा. मग त्याची सायकलही माझ्या खांद्यावर. “जोडीचा वेळ एकच असतो ना,” तो म्हणायचा.

खेचरवाल्या व्हिडिओबद्दल मी नानांकडे गेले. ते हसले. म्हणाले, “पोरांनी गंमत केली. खेळाडूनं मन मोठं ठेवावं.”

मन मोठं ठेवायचं ते मीच. सोंगं त्यांची, सोसायचं मी.

तरी मी क्लब सोडला नाही. कारण शर्यतीला नियम होता. ज्याची सायकल त्याच्या खांद्यावर. दुसऱ्यानं उचलली तर जोडी बाद. तिथे पंच असतील, लोक असतील. सरावात काय वाट्टेल ते होवो, शर्यतीत मी फक्त माझी सायकल उचलणार होते. त्या एका नियमावर मी सगळा भरवसा टाकला.

शर्यतीच्या सकाळी माझी माय आली होती. शेजारच्याच डोंगरात शर्यत, म्हणून पाड्यावरच्या बायकांबरोबर चालत आली. नवं लुगडं नेसून. माझ्या पाठीवरच्या आकड्यावरून तिनं हात फिरवला.

सुटलो. पहिल्याच उतारावर दोघं एकमेकांवर आदळले, एकाचं मनगट उलटं झालेलं मी डोळ्यांनी पाहिलं. कुणी थांबलं नाही. ओढ्यात चाकं रुतली. ओंडक्यावरून उडी घेताना माझा गुडघा सोलून निघाला, मोज्यात रक्त उतरलं. बाभळीचा काटा हातमोज्यातून आरपार. छातीत कुणी मुसळ घालावं तसा श्वास. आणि एवढं सगळं असून मला आनंद होत होता. मी माणसांना मागे टाकत होते. सरावानंतर ज्यांच्या गाड्या मी पुसल्या होत्या, ती माणसं माझ्या मागे चिखलात होती.

परागही ओरडत ओरडत मागे येत होता.

मग घळ आली. उभा चढ, दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या. पंच एक खाली, एक वर. मधल्या वळणावर कुणाचीच नजर पोचत नव्हती. मी माझी सायकल खांद्यावर टाकली. मागून त्यानं जर्सी धरून ओढलं आणि त्याची सायकल माझ्या डाव्या खांद्यावर आदळली. हाडावर. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

मी ती खाली टाकली.

“ए, उचल ना! काय देखी राहिनी?”

मी म्हणाले, “तुन्ही सायकल तू उचल.”

आजवर मी त्याला ‘तुम्ही’ म्हणत होते. ‘परागभाऊ’ म्हणत होते. त्याला आधी ऐकलेलं खरंच वाटलं नाही. मग त्यानं पंप काढला. पहिला फटका पाठीवर. दुसरा तोंडावर. ओठ फुटला, दात हलला, तोंडात रक्ताची चव आली. त्यानं माझी वेणी मनगटाला गुंडाळली आणि तोंड माझ्या कानाशी आणलं.

“भिल्लीण ती भिल्लीणच. सात पिढ्या ओझीच वाहिलीत ना तुम्ही? आता काय शिंगं फुटली? उचल. नाहीतर असा गुन्हा टाकीन की भरतीच्या रांगेतपण उभं करणार नाहीत.”

त्याला माझी नस ठाऊक होती. नेमकी तीच दाबली त्यानं. आणि तिथे, केस ओढलेले, मान उलटी, मला लख्ख समजलं. या धाकानं मी आज सायकल उचलली, तर उद्या वर्दी घालूनही उचलीन. त्याच्यासारख्यानं फोन केला की गाडीचं दार उघडीन. पाड्यावर जाऊन माझ्याच बापाला पळवीन. वर्दी आली तरी खेचरच राहीन.

मी कोपर मागे हाणलं. सगळ्या ताकदीनं. त्याचं नाक फुटल्याचा आवाज आला. वेणी सुटली. तो पुन्हा धावून आला, मी त्याच्या छातीत लाथ घातली, तो करवंदीत पडला. त्याची सायकल मी उचलली. हो, उचलली. डोक्यावर धरली आणि घळीत फेकून दिली. ती दगडांवर आपटत खाली जाताना मला जे वाटलं ते मी लपवणार नाही. बरं वाटलं. फार बरं वाटलं.

मग माझी सायकल खांद्यावर घेऊन चढले. रेषेवर एकटीच पोचले. माईकवरच्या माणसानं माझं नाव घेतलं नाही. “जोडी बाद,” एवढंच म्हणाला.

परागला धरून आणलं. नाक सुजलेलं, जर्सी लाल. क्लबच्या लोकांनी माझ्या हातातून सायकल ओढून घेतली. माझं तोंडही रक्तानं भरलं होतं, पण त्याचं रक्त महाग होतं. बाजूला नेऊन नाना हळू आवाजात बोलले. त्यांचा आवाज नेहमीच हळू.

“बेटा, झालं ते झालं. सगळ्यांसमोर त्याच्या पाया पड. विषय संपला. नाहीतर मारहाणीचा गुन्हा, सायकलचं नुकसान, सगळं तुझ्या नावावर. भरतीचं बघ तूच.”

माय गर्दीतून पुढे आली. माझ्या ओठाला पदर लावला. मला वाटलं, आता ही नानांना शिव्या घालील. तिनं माझा हात धरला.

“पाया पडी ले, बेटा. तुन्ही नौकरी जाई.”

पंपापेक्षा ते जास्त लागलं. तिचा राग नाही आला. तिनं जन्मभर असंच घर वाचवलं होतं, वाकून. मी तिचा हात सोडवला.

“माय, तू घर जाय,” म्हणाले.

तशीच, चिखलात, रक्तात, साक्रीच्या पोलीस ठाण्यात गेले. रडत रडत माय मागून चालत आली, घरी गेलीच नाही. पायरीवर बसून राहिली. हवालदारानं मला आपादमस्तक पाहिलं. भरतीचं ऐकल्यावर पेन खाली ठेवलं. माणूस वाईट नव्हता.

“पोरी, तू तक्रार दिलीस की तेपण देतील. गुन्हा दोन्हीकडून नोंदला जाईल. तुझं वय काय, विचार कर. मिटवून टाक.”

मी म्हणाले, “तो जे बोलला ते शब्दाला शब्द लिहा. जातीवरून बोलला तेही. त्याचं नाक मी फोडलं, सायकल मी फेकली, तेही लिहा. मला काही लपवायचं नाही.”

त्यांचीही तक्रार आली, त्याच संध्याकाळी. आता दोन्ही प्रकरणं चालू आहेत. नानांचा माणूस होस्टेलवर येऊन गेला, आमच्या भावकीतले चार जण येऊन गेले. सगळ्यांचं एकच म्हणणं, तू मागे घे, ते मागे घेतात, तुझी वाट मोकळी. मला माहीत आहे, वाट खरंच मोकळी होईल. माझ्याबरोबर पळणाऱ्या मुली यंदा रांगेत उभ्या राहतील आणि मी कदाचित नसेन.

मी मागे घेणार नाही. मायनं अन्नपाणी सोडलं तरी नाही. वर्दी मिळाली तर घालीन, नाही मिळाली तर मजुरीला जाईन. तारखेला कोर्टात माझं नाव पुकारतील तेव्हा मी उभी राहीन, आणि त्यानं मला काय म्हटलं ते त्याच्या बापासमोर, मोठ्या आवाजात, पुन्हा सांगेन.