वाणाची दुनळी

आमच्या बैठकीत, दारातून आत आल्याबरोबर नजरेस पडेल अशा ठिकाणी, एक नवी दुनळी बंदूक टांगलेली आहे. ती माझ्या नवऱ्याला माझ्या माहेरानं दिली. का दिली, तर मी अंथरुणाला खिळले होते तेव्हा त्यानं माझं केलं म्हणून. लिहिताना मी त्याला सरळ 'तो' म्हणतेय, तोंडावर 'तुमी'च म्हणते. कागदावर तरी एवढी मोकळीक असावी.

रानडुकरानं मला धडक दिली तेव्हा मी वांगी तोडत होते. मेडशीच्या अलीकडे सडकेला लागून आमचं भाजीचं वावर आहे. वांगी, मिरची, सांबार, मेथी असं जे निघेल ते सकाळच्या एसटीनं मालेगावला जातं. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. शेजारच्या तुरीतून ते जनावर कधी निघालं मला कळलंच नाही. आधी वास आला, सडक्या चिखलाचा, आणि मग मी आडवी. मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं. अकोल्याला ऑपरेशन झालं, आत रॉड टाकला, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता पाय जमिनीला लावायचा नाही.

खोटं कशाला बोलू, नवऱ्यानं केलं. पोरगी सासरी, माझ्या आईचे गुडघे गेलेले, करणार कोण? त्यानं पोळ्या लाटल्या, जाड लाटल्या पण लाटल्या. मला पुसून काढलं, केस विंचरले, आणि भांडंही दिलं. झोपल्या जागी करायचं ते भांडं. ते देताना तो तोंड फिरवून उभा राहायचा आणि झालं की काही न बोलता उचलून न्यायचा. मला तेव्हा त्याच्याबद्दल जे वाटलं ते लग्नानंतर इतक्या वर्षांत कधी वाटलं नव्हतं. या माणसाला जन्मभर उलटून बोलणार नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

मग भेटायला येणारे लोक सुरू झाले.

पहिल्यांदा कोण बोललं आठवत नाही. कोणीतरी म्हणालं, "बापा, बायकोची सेवा करून राह्यला तू! असा माणूस पायला नाई." नवरा लाजला. दुसऱ्या वेळी लाजला नाही. तिसऱ्या वेळी तोच सांगायला लागला. "भांडं बी मीच उचलतो," तो म्हणाला, आणि दोन्ही हात पुढे करून, सांडू नये म्हणून जपून चालल्यासारखं करून दाखवलं. मी तिथंच, चार हातांच्या अंतरावर, चादरीखाली पडलेली. समोरचे दोघं तोंडात तंबाखूचा खर्रा घोळवत माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडाकडे नाही, चादरीकडे.

मला इतकी शिसारी आली की मी भिंतीकडे तोंड केलं. लोकांना वाटलं पाय दुखतोय.

त्यानंतर ती गोष्ट रोज थोडी थोडी वाढत गेली. स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर गेली, कृषी केंद्रात गेली. त्यात वास आला, मी कशी रडले ते आलं, 'लेकरासारखं धुतलं' हे आलं. बायकाही मला येऊन सांगायच्या, "नशीबवान हायेस व." या बायकांनी आपापल्या घरात किती जणांचं गू-मूत काढलंय ते मला ठाऊक आहे. माझी सासू लकव्यानं खाटेवर पडली ती शेवटपर्यंत उठली नाही. तिचं सगळं मी केलं. कोणी आलं की तिचं लुगडं सारखं करून, खोलीत उदबत्ती लावून मगच मी दार उघडायची. तिच्या अंगाबद्दल मी गावात एक शब्द काढला नाही. मला कोणी कधी 'सेवा' म्हटलं नाही. बाईनं केलं की ते नुसतं 'केलं' असतं, माणसानं केलं की त्याची सेवा होते.

मी काठी घेऊन चालायला लागले त्याच सुमाराला धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि वाण द्यायचं, ही आमच्याकडची रीत. एरवी चांदीचा दिवा देतात, नाहीतर तांब्याचं ताट. यंदा माझ्या भावाला काहीतरी भारी सुचलं. त्याचा फोन आला.

"ताई, जवाईबुवाले बंदूक द्याची. नवी. त्यायनं तुयं येवढं केलं, अन् वावरात डुकरं तं हायेतच. त्यायले मनासारखी निवडू दे."

बंदुकीचा परवाना आमच्याकडे होता. सासऱ्यांच्या वेळची एक भरमार होती, पुढून दारू ठासायची, ती गंजून कोपऱ्यात उभी असायची. परवाना पुढे नवऱ्याच्या नावावर झाला होता, म्हणून अडचण काही नव्हती. नवरा शेजारी बसून ऐकत होता. लग्नातसुद्धा त्याचा चेहरा इतका फुललेला मी पाहिला नव्हता.

मी भावाला म्हणाले, "म्या माह्या सासूचं केलं, तिचं काय? मले तं मंग तोफ लागते."

भाऊ पोट धरून हसला. नवराही हसला. आमच्या घरात माझ्या रागाचा विनोद व्हायला वेळ लागत नाही.

बंदूक निवडायला अकोल्याला गेलो. मी नको म्हणत होते, पण भाऊ म्हणाला, तूच तर कारण आहेस. तेही खरंच. दुकानात काचेमागे ओळीनं बंदुका उभ्या होत्या, आणि तेलाचा असा वास भरला होता की मला दवाखाना आठवला. दुकानदार वयस्कर, सभ्य माणूस. त्यानं आधी एकनळी काढून दिली. हलकी आहे, वावरात नुसता बार काढून जनावर पळवायला हिच्यापेक्षा जास्त काही लागत नाही, असं त्यानं समजावून सांगितलं. नवऱ्यानं ती खांद्याला लावली, एक डोळा मिटला, आरशात बघितलं. मग दस्त्यावरून हात फिरवला. तो हात मी ओळखत होते. माझे केस विंचरताना तो असाच जपून फिरायचा.

त्याच्या मनात दुनळी होती, पण मेहुण्याच्या खिशाचा विचार करून बोलवत नव्हतं. भावानं आईला फोन लावला. आईला बंदुकीतलं काय कळणार? पण तिला एकच शंका होती, आणि ती तिनं मोठ्यांदा विचारली. धोंड्याच्या वाणाला जाळीची वस्तू लागते. अनारसे, बत्तासे, ज्याला भोकं आहेत असं काहीतरी. बंदूक चालेल का?

"आई, बंदुकीले भोक हायेच की नयीचं," भाऊ म्हणाला.

आईनं थोडा विचार केला. "येक भोक कसं चालन रे? दोन नाई भेटत काय?"

दुकानदारानं न हसता दुनळी काढून काचेवर ठेवली. अशी ती निवडली गेली. या सगळ्या प्रकारात मला हसू आलं ते तेवढंच. पण दुकानदारानं सहज विचारलं, "काही खास कारण?" आणि नवऱ्यानं सांगायला सुरुवात केली. बंदूक हातात होती म्हणून हात पुढे करून दाखवता येईना, तर त्यानं ती भावाकडे दिली आणि मग दाखवलं. दुकानदार माझ्याकडे न बघता काच पुसत राहिला. त्या अनोळखी माणसाला माझी लाज राखावीशी वाटली, माझ्या माणसाला नाही वाटली.

परत येताना भाऊ चहाला उतरला तेव्हा मी गाडीत नवऱ्याला म्हणाले, "येक ऐका. माहेरी ते भांड्याचं सांगू नोका. बाबापुढं तं नोकाच."

"पागल हायेस का? मी कायले सांगन?"

"बाकी सारं सांगा. सैपाक केला सांगा, दवाखान्यात पयालो सांगा. येवढं सांगू नोका. माह्यं येवढंच राह्यलं हाय."

"नाई सांगत व. शपथ." माझ्या डोक्यावर हात ठेवला त्यानं.

माझं माहेर जऊळक्याजवळ. धोंड्याच्या दिवशी आईनं पाटावर कोरा टॉवेल अंथरून त्यावर दुनळी ठेवली, तिला हळदीकुंकू वाहिलं, दोन्ही नळ्यांशी एक एक अनारसा ठेवला. नवरा नव्या कपड्यांत चौरंगावर. काका, काकू, भाऊ, भावजय सगळे भोवती. बाबा भिंतीशी खुर्चीवर, हातात प्रसादाचा अनारसा घेऊन बसलेले. माझे बाबा म्हणजे मी मोठी झाल्यापासून खाकरल्याशिवाय ज्या खोलीत मी आहे तिथं आले नाहीत. दवाखान्यातसुद्धा पडद्याबाहेरून विचारायचे, "येऊ काय बाई?"

आई म्हणाली, "पाया पड त्यायच्या. त्यायच्यामुयं उभी हायेस." माझा खुबा वाकत नाही हे तिला माहीत आहे. मी काठीवर भार देऊन जमेल तेवढी वाकले. तेही केलं मी. म्हटलं, होऊन जाऊ दे एकदाचं.

तेवढ्यात काका म्हणाले, "जवाईबुवा, तुमी कमालच केली. कसं काय जमवलं हो सारं?"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला शपथ आठवली, हे मला त्याच्या डोळ्यांत दिसलं. मग त्यानं सगळ्यांकडे एक नजर फिरवली. सगळे वाट बघत होते. आणि त्याचे दोन्ही हात पुढे आले.

त्यानं पूर्ण सांगितलं. वाससुद्धा. 'लेकरासारखं धुतलं' म्हणताना त्याचा आवाज दाटून आला, काकूनं डोळ्यांना पदर लावला. मी बाबांकडे बघत होते. बाबांनी हातातला अनारसा हळूच ताटलीत ठेवला, कोणाकडे न बघता उठले आणि मागच्या दारानं गोठ्याकडे निघून गेले. जेवायलाही आले नाहीत. जनावरांना बरं नाही असा निरोप आला. मला धोंड्याचा पहिला घास गिळवेना. पुरणाला तुपाचा वास येत होता आणि मला चादरीखालचा येत होता. नवरा मात्र आग्रह झाला तसतसा घेत गेला.

निघताना बाबा फाटकाशी भेटले. "सांभायून राय," म्हणाले, माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत. तेव्हापासून ते माझ्याशी बोलतात, पण माझ्याकडे बघत नाहीत. याची भरपाई कोणती बंदूक करणार आहे?

घरी आल्यावर नवऱ्यानं ती बैठकीत टांगली. एकदा वावरात नेऊन दोन बार काढून झाले, तेवढंच तिचं काम. बाकी ती पाहुण्यांसाठी आहे. येणारा प्रत्येक जण मान वर करून विचारतो, नवी घेतली का? आणि झालं. भरमार कोपऱ्यात होती तेव्हा तिच्याबद्दल कोणी विचारत नव्हतं. ही जोवर भिंतीवर आहे तोवर माझं भांडं या बैठकीत रोज फिरणार, हे माझ्या ध्यानात आलं. फुंकर मारून ती पुसताना तो शीळ घालायचा. मला त्या शिळेचा तिटकारा यायला लागला.

परवा त्याचा आतेभाऊ आला, सोबत पोहरादेवीकडचे दोन ओळखीचे. मी चहा घेऊन गेले तेव्हा एकानं मान वर केलीच होती.

"वा! कायच्या खुशीत घेतली?"

नवरा मांडी बदलून सरसावून बसला. मी ट्रे खाली ठेवला.

"मी सांगते," मी म्हणाले. "माह्यं गू-मूत काढलं यायनं. त्याचं बक्षीस हाय ते, माह्या माहेरानं देल्लं."

पाहुण्याचा हात कपाकडे जाता जाता थांबला.

"झोपल्या जागी भांडं द्याचे. येक डाव सांडलं बी, यायच्या लुंगीवर, पायावर, सारं. मंग हे बाहीर जाऊन वकले. ते हे सांगत नाईत, म्हणून म्या सांगतलं. बिस्किट घ्या ना."

कोणी बिस्किट घेतलं नाही. आतेभावाला एकाएकी मालेगावातलं काम आठवलं. अर्धा चहा तसाच ठेवून ते तिघे चपला शोधायला लागले, आणि त्यांच्यापैकी एकानंही जाताना वर बंदुकीकडे पाहिलं नाही.

मला बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. स्वतःच्याच तोंडाची किळस आली. पण पुढचा कोणी आला आणि विचारलं, तर मी परत सांगणार आहे, ते मी ठरवलंय.

मी कप गोळा करत होते. नवरा तिथंच बसून होता, कानापर्यंत लाल झालेला. बोलला तेव्हा आवाज अगदी बारीक होता.

"असं चारचौघांत कायले सांगतेस व? लोकायपुढं मले कसं वाटत असन, येवढा बी इचार नाई येत तुयाच्या मनात?"

तो खरंच विचारत होता.