राज्य पडलं त्या साली

पिंपरीत नवे कारखाने उभे राहत होते तेव्हाची, म्हणजे पंचावन्नच्या सुमाराची गोष्ट. माझ्या नवऱ्याला औषधांच्या कारखान्यात काम लागलं आणि गावातल्या एका शेतकऱ्याच्या घरामागची खोली आम्ही भाड्याने घेतली. शेजारच्या खोलीत एक मुसलमान जोडपं राहायचं. पहिल्याच आठवड्यात त्या बाईने मला विचारलं, "कामून हो, पाण्याला एकट्याच चाललात?" त्या 'कामून'वरून मी ओळखलं, ही आमच्याकडची. तिचं माहेर नांदेडच्या बाजूचं निघालं, माझ्या माहेरापासून बैलगाडीने अर्ध्या दिवसावर. तिचा नवरा पूर्वी तहसिलीत उर्दू कारकून होता. दफ्तराची भाषा बदलली तशी नोकरी गेली. इथे तो कारखान्यात पोती उचलायचा.

मी तिला भाबी म्हणू लागले, ती मला ताई. अंबाडीच्या भाजीवर, ज्वारीवर आम्ही तासन्‌तास बोलायचो. निजामाच्या राज्याचं शेवटचं वर्ष मात्र दोघीही टाळायचो. तसं ठरलं नव्हतं.

तो विषय काढला घरमालकिणीने. उन्हाळ्यात बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडत आम्ही तिघी अंगणात बसलो होतो.

"तुमच्याकडं मुसलमान राजा हुता म्हणं. त्यो गेला कसा?"

मी सांगितलं. राजा मुसलमान, रयत बहुतेक हिंदू. देश स्वतंत्र झाला तरी त्याला वेगळं राहायचं होतं. त्याचं राज्य टिकवायला रझाकार उठले. ते आमच्या गावात आले आणि माझ्या काकांना त्यांनी खळ्यावर गोळी घातली. आम्ही सरहद्दीपलीकडच्या छावणीत गेलो. मग हिंदुस्थानची फौज आली आणि चार-पाच दिवसांत राज्य पडलं. शाळेतला धडा म्हणावा तसं मी हे सांगत होते. एवढ्या वर्षांनी मला ते तसंच सांगता यायचं.

"म्हंजी धर्मापायी गेला म्हना की राजा."

"राजा कुठं गेला, मावशी?" भाबी शेंगेवरची नजर न काढता म्हणाली. "तो महालातच हाय. सरकारनं त्याला मोठं पद दिलंय. गेला तो माझा भाऊ."

"ते रझाकारांत होते?" मी विचारलं.

"शाळेत मास्तर होता. फौज आल्यावर गावातल्या लोकांनी त्याला घरातून ओढून नेलं. विहिरीत सापडला." थोड्या वेळाने तिने विचारलं, "तुमच्या काकाला मारणारे कोण होते?"

"बाहेरचे. दोघं आमच्या गावातले."

"आमच्याकडं सगळेच गावातले होते."

"लई वंगाळ झालं बाई," म्हणत मालकीण दाण्यांचं सूप घेऊन आत गेली. आम्ही उरलेल्या शेंगा फोडल्या.

छावणीतून परतलो तेव्हा मशिदीमागची आमच्या गावची आळी ओस पडलेली मी पाहिली होती. तिथली माणसं कुठे गेली, हे आमच्या घरात कुणी बोललं नाही. त्या दिवशी ते प्रथम माझ्या मनात आलं.

दिवाळीला मी माहेरी निघाले तेव्हा भाबीने एक लुगडं आणून दिलं. "माझी आई अजून तिथंच राहती. जमलं तर द्या. न्हाई जमलं तरी काही नाही."

मी वडिलांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सकाळी गाडी जुंपू."

त्या गावात पोचल्यावर मात्र ते गाडीतून उतरले नाहीत. मी एकटीच आत गेले. म्हातारीने लुगडं मांडीवर घेऊन त्याचा काठ चाचपला, मुलगी बारीक झाली का म्हणून विचारलं. मला चहा दिला. माझं गाव कोणतं ते तिने विचारलं, मी सांगितलं. निघताना ती बाहेरपर्यंत आली आणि गाडीत बसलेल्या माझ्या वडिलांना तिने सलाम केला.

वडिलांनी खाली उतरून हात जोडले. "मुलगी खुशाल आहे तुमची," ते म्हणाले. मग त्यांनी बैल वळवले. परतताना ते तुरीच्या पिकाबद्दल बोलत होते.